गर्भाशयातील गाठी : आनुवंशिकता किती, भीती किती?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नीरा आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेले आहेत. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि येथील शिवाराचे रूप पालटले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास गळिताचा हंगाम सुरू झाला, की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसेच अहिल्यानगरमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या तालुक्यांत उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, असे हे काम असते. एक दिवस खाडा झाला तरी उचल घेतलेल्या पैशांच्या हिशेबात तो धरला जातो.

अशा जीवनात पाळीच्या दिवसांत अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे, अशक्तपणाने डोळ्यांपुढे अंधारी येणे या तक्रारी स्त्री शक्य तितके दिवस अंगावरच काढते. अखेरीस ती दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते आणि ‘पिशवीला गाठ आहे’ असे निदान हाती येते. तिच्या आईची किंवा थोरल्या बहिणीची पिशवी याच कारणाने काढलेली असेल, तर ‘हे आमच्या घराण्यातच आहे, आज ना उद्या कर्करोग होणारच’ अशी तिची आणि तिच्या घरच्यांची खात्री होऊन बसते. ही भीती केवळ मजूर स्त्रियांपुरती मर्यादित नाही. बागायतदाराच्या वाड्यातही ती तितक्याच सहजपणे शिरते. तिच्या पोटी अनेक स्त्रिया ऐन तारुण्यात गर्भाशय गमावून बसतात.

ही गाठ म्हणजे नेमके काय, तिच्यात आनुवंशिकतेचा भाग किती आणि त्यावरून कोणता निर्णय घेणे शहाणपणाचे, याविषयी वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत पुष्कळ प्रकाश टाकला आहे. ती माहिती सोप्या भाषेत देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गाठ म्हणजे काय?

गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंनी बनलेला अवयव आहे. या स्नायूतील पेशी एका ठिकाणी प्रमाणाबाहेर वाढू लागल्या आणि त्यांच्याभोवती तंतुमय द्रव्य साचले, की घट्ट, गोलसर गाठ तयार होते. तिलाच ‘फायब्रॉईड’ म्हणतात. ही गाठ मुगाच्या दाण्याएवढी असू शकते, सुपारीएवढी असू शकते, क्वचित नारळाएवढीही वाढते. एकाच गर्भाशयात एक किंवा अनेक गाठी असू शकतात.

गाठ किती मोठी आहे यापेक्षा पुष्कळदा ती कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे असते. गर्भाशयाच्या आतील अस्तरालगतची गाठ लहान असली तरी अतिरिक्त रक्तस्राव घडवून आणते आणि गर्भधारणेत अडथळा आणू शकते. बाहेरच्या अंगाला असलेली गाठ बरीच मोठी होईपर्यंत काही त्रास देत नाही. मूत्राशयावर दाब आल्यास वारंवार लघवीला जावे लागते, तर गुदाशयावर दाब आल्यास बद्धकोष्ठता जडते.

या गाठी अत्यंत सर्वसामान्य आहेत. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार वयाच्या पन्नाशीपर्यंत तेथील गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठ्या गाठी निर्माण होतात. यांपैकी अनेकींना त्याचा कधी पत्ताही लागत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सोनोग्राफीत गाठ दिसणे आणि त्या गाठीवर उपचार आवश्यक असणे या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत.

एका पेशीची कहाणी

ही गाठ येते कोठून? या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे उत्तर १९६५ साली लिंडर आणि गार्टलर या अमेरिकन संशोधकांनी दिले. त्यांची युक्ती मोठी विचार करण्यासारखी आहे. प्रत्येक स्त्रीच्या पेशीत ‘एक्स’ नावाची दोन गुणसूत्रे असतात. एक आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. मात्र प्रत्येक पेशीत त्यांतील एकच जागे असते आणि दुसरे निद्रिस्त. त्यामुळे काही स्त्रियांच्या शरीरात काही पेशी एका विशिष्ट विकराचा एक प्रकार बनवतात, तर शेजारच्या पेशी दुसरा प्रकार बनवतात.

अशा स्त्रियांच्या गर्भाशयाच्या निरोगी स्नायूत दोन्ही प्रकार मिसळलेले आढळले. गाठीत मात्र एकच प्रकार सापडला. त्याच गर्भाशयातील दुसऱ्या गाठीत कधी तो, तर कधी दुसरा प्रकार मिळाला. याचा अर्थ असा, की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून जन्मते आणि शेजारशेजारच्या दोन गाठीही स्वतंत्रपणे जन्मलेल्या असू शकतात.

मग त्या एका पेशीत असे काय घडते? पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात आणि त्यांवर जनुके असतात. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, याच्या सूचना या जनुकांत लिहिलेल्या असतात. पेशीचे विभाजन होताना या मजकुराची नक्कल केली जाते. जुन्या दप्तरातील कागद हाताने उतरवून काढताना एखादे अक्षर चुकावे, तशी नकलेत कधी चूक राहून जाते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या ओळीतच चूक झाली, तर ती पेशी आणि तिची सारी संतती जरुरीपेक्षा अधिक वाढू लागते.

२०११ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील संशोधकांनी ही चूक नेमकी कोठे होते ते दाखवून दिले. त्यांनी ८० स्त्रियांच्या २२५ गाठी तपासल्या. त्यांतील सुमारे ७० टक्के गाठींमध्ये ‘मेड-१२’ या एकाच जनुकात बदल झालेला आढळला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि इतर जनुकांच्या कामकाजाचे नियमन करण्यात भाग घेते. पुढे इतर देशांतील स्त्रियांच्या गाठींतही हाच बदल मोठ्या प्रमाणात आढळला. उरलेल्या काही गाठींमध्ये बाराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ‘एचएमजीए-२’ हे जनुक जागे झालेले असते. हे जनुक गर्भावस्थेतील वाढीच्या काळात काम करते आणि प्रौढ शरीरात एरवी शांत असते. आणखी काही गाठींत सातव्या गुणसूत्राचा एखादा तुकडा गळालेला असतो.

गाठीतला बदल आणि रक्तातला वारसा

येथे सामान्य वाचकाचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. ‘जनुकात बदल’ हे शब्द ऐकताच तो दोष आईकडून मुलीकडे जातो, असे आपण गृहीत धरतो. मेड-१२च्या बाबतीत तसे नाही. हा बदल गाठीत असतो. त्याच स्त्रीच्या गर्भाशयाच्या शेजारच्या निरोगी स्नायूत तो नसतो. म्हणजेच ती स्त्री तो जन्मतः घेऊन आलेली नसते. तिच्या हयातीत, गर्भाशयाच्या एका स्नायुपेशीत तो घडलेला असतो. मुलीला आईकडून वारसा मिळतो तो बीजांडातून. गर्भाशयाच्या भिंतीतील पेशीत झालेला बदल बीजांडात जात नाही. म्हणून आईच्या गाठीतील हा बदल मुलीला मिळत नाही.

मग एकाच घरातील मायलेकींना किंवा बहिणींना गाठी झालेल्या दिसतात, त्याचे काय? हे निरीक्षण खोटे नाही. आईला किंवा सख्ख्या बहिणीला गाठी असतील, तर त्या स्त्रीला गाठी होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे दोन ते अडीच पट असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. एकबीज जुळ्या बहिणींमध्ये द्विबीज जुळ्या बहिणींपेक्षा हे साम्य अधिक दिसते, यावरूनही वारशाचा काही वाटा असल्याचे सूचित होते. मात्र एका घरातील माणसांचा आहार, शरीराचा बांधा आणि राहणीही पुष्कळशी सारखी असते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

वारशाने येते ती गाठ नव्हे, तर गाठीकडे असलेला कल, असे म्हणता येईल. २०११ सालीच जपानी स्त्रियांच्या अभ्यासातून गुणसूत्रांवरील तीन जागा पुढे आल्या, जेथील सूक्ष्म भेद गाठींच्या शक्यतेशी निगडित आहेत. त्यानंतर अशा आणखी अनेक जागा सापडल्या. यांतील काही स्त्री-संप्रेरकांच्या कार्याशी आणि गर्भाशयाच्या घडणीशी संबंधित आहेत. मात्र प्रत्येक भेदाचा परिणाम अल्प असतो. अशा अनेक अल्प परिणामांची बेरीज होऊन एखाद्या घराण्यात कल थोडा वाढतो. जमीन काळी असली म्हणून पीक आपोआप उगवत नाही. बी पडावे लागते, पाणी मिळावे लागते. येथे पेशीतील बदल हे बी, तर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके हे पाणी. म्हणूनच पाळी येण्यापूर्वीच्या वयात या गाठी होत नाहीत आणि पाळी कायमची थांबल्यावर त्या सामान्यतः आक्रसतात. पाळी लवकर सुरू होणे, स्थूलता आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही गाठींशी संबंध आढळला आहे. बाळंतपण झालेल्या स्त्रियांत त्यांचे प्रमाण कमी दिसते.

एक अपवाद मात्र नीट ध्यानात ठेवावा. काही थोड्या घराण्यांत ‘फ्युमरेट हायड्रेटेज’ या विकराच्या जनुकातील दोष जन्मतःच असतो. हा संबंध २००२ साली उघडकीस आला. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा स्त्रियांना विशीत किंवा तिशीतच अनेक मोठ्या गाठी होतात. त्वचेवर कठीण, दुखऱ्या गुठळ्या येतात. कुटुंबात कोणाला तरुण वयात मूत्रपिंडाचा कर्करोग झालेला असू शकतो. ही तिन्ही लक्षणे किंवा त्यांतील दोन एकाच घरात दिसली, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आनुवंशिक सल्ला घ्यावा. येथे खरी काळजी मूत्रपिंडांची असते आणि त्यांची नियमित तपासणी करून घ्यावी लागते. हा प्रकार दुर्मिळ आहे.

कर्करोगाची धास्ती

फायब्रॉईड हा कर्करोग नाही. ही गाठ आजूबाजूच्या अवयवांत मुळे पसरत नाही. गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग हा वेगळा आजार असून तो अत्यंत क्वचित आढळतो. आणि तो सामान्यतः साध्या गाठीचे रूपांतर होऊन होत नाही, तर स्वतंत्रपणे उद्भवतो, असे आजचे शास्त्र मानते. तेव्हा ‘पुढे कर्करोग होईल’ एवढ्याच कारणासाठी त्रास न देणारी गाठ किंवा संपूर्ण गर्भाशय काढणे समर्थनीय ठरत नाही. मात्र पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, त्या वयात गाठ झपाट्याने वाढणे किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी. तसेच अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते. त्यावर औषधे आहेत. पिशवी काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

बीडचा अनुभव

या भीतीची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१९ साली महाराष्ट्राला कळून आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या तक्रारी आल्यावर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण शंभरात सुमारे १७ पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही अंतर बोलके आहे. या शस्त्रक्रिया बव्हंशी स्त्रिया हंगाम संपवून गावी परतल्यावर झाल्या, तरी त्यांतील अनेकींचे दुखणे ज्या फडांवर सुरू झाले, ते फड बारामती-इंदापूरसारख्या ऊसपट्ट्यातलेच आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ बीडचा आहे असे म्हणून येथे स्वस्थ बसता येणार नाही.

बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन त्यानंतर घालण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या, तसेच चाळिशीच्या आतील स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांची तपासणी, हे त्यांतील महत्त्वाचे भाग आहेत.

या दक्षतेचे कारण शारीरिक आहे. गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोश काढले गेले, तर तिशीतल्या स्त्रीला एका दिवसात म्हातारपणाकडे ढकलल्यासारखे होते. अंगाची आग होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी पाळी जाण्याच्या काळात होणारे बदल काहीसे लवकर येण्याचा संभव असतो. ज्या स्त्रीचे पोट मोळी उचलण्यावर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत ठिसूळ हाडे म्हणजे बुडालेली रोजी होय.

उपचारांच्या पायऱ्या

त्रास नसेल तर गाठीला उपचार लागत नाही. सहा महिन्यांनी वा वर्षाने तपासणी करून लक्ष ठेवले, की पुरते. पन्नाशी जवळ आलेल्या स्त्रीला पाळी थांबेपर्यंत धीर धरणे पुष्कळदा श्रेयस्कर असते.

रक्तस्राव अधिक असेल, तर पहिले काम रक्तक्षय दूर करण्याचे. २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगावरून जास्त जाण्याने त्यात भर पडते. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांची औषधे आणि गर्भाशयात बसवावयाची संप्रेरकयुक्त तांबी यांनी अनेक स्त्रियांची शस्त्रक्रिया टळते.

औषधांनी भागले नाही, तर गर्भाशय राखून फक्त गाठ काढता येते. आतल्या अंगाची गाठ दुर्बिणीतून, पोटावर छेद न घेताही काढली जाते. ज्यांना अपत्य हवे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. मात्र पुढे नव्या गाठी होण्याची शक्यता राहते. गाठीला रक्त पुरवणारी रोहिणी बंद करण्याची पद्धत फ्रान्समध्ये १९९५ पासून पुढे आली. ती मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांत उपलब्ध आहे. गर्भाशय काढणे ही या क्रमातील शेवटची पायरी होय. गाठी फार मोठ्या आहेत, रक्तस्राव कशानेही थांबत नाही, कुटुंब पूर्ण झाले आहे आणि स्त्रीने सर्व समजून घेऊन संमती दिली आहे, अशा वेळी हीच शस्त्रक्रिया वरदान ठरते. तिला सरसकट वाईट म्हणणे हीदेखील चूक होईल.

स्त्रीने काय करावे?

पाळी सात दिवसांहून अधिक टिकत असेल, तासातासाला कपडा किंवा पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, तर आशा कार्यकर्तीला किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेला सांगावे. बारामतीस २०१९ साली सुरू झालेले, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास अशा ठिकाणी दुसरे मत घेण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

डॉक्टरांना पाच प्रश्न अवश्य विचारावेत : गाठ किती मोठी आणि नेमकी कोठे आहे? माझा त्रास या गाठीमुळेच आहे का? औषधाने किती काळ वाट पाहता येईल? फक्त गाठ काढता येईल का? पिशवी काढावयाचीच असेल, तर बीजकोश राखणार का? हंगामासाठी फिरणाऱ्या भगिनींनी सोनोग्राफीचे आणि रक्ततपासणीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवावेत. मागील कागद पाहिल्याशिवाय गाठ वाढली की तशीच आहे, हे पुढच्या डॉक्टरांना सांगता येत नाही.

आई किंवा बहिणीला गाठी झाल्या असतील, तर त्या माहितीचा उपयोग लवकर तपासणी करण्यासाठी आणि मूल हवे असल्यास त्याचे नियोजन वेळेवर करण्यासाठी करावा. लवकर पिशवी काढण्यासाठी ती माहिती नव्हे. घराण्याचा वारसा शक्यता सांगतो, निकाल देत नाही. तो निकाल तपासणी, उपचार आणि स्त्रीची स्वतःची संमती यांनीच ठरावयास हवा. कारखान्याचे भोंगे वाजू लागतील तेव्हा फडावर येणाऱ्या प्रत्येक स्त्रीपर्यंत आणि बागेतल्या घराघरापर्यंत एवढी गोष्ट पोहोचली, तरी पुष्कळ काही साधेल.